दानीएलाची सत्तर सप्तके: ‘अभिषिक्त’ कोण आणि शेवट कशाचा?

जुना_वाचक (धागाकर्ता)

पश्चिम आशियात युद्ध पेटले की बायबलमधील दानीएलाच्या ग्रंथाच्या नवव्या अध्यायातील शेवटची चार वचने (२४ ते २७) व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. त्यांच्याबरोबर बहुधा एक तक्ताही असतो: सात वर्षांचे महासंकट, ख्रिस्तविरोधकाचा करार, यरुशलेमेत उभे राहणारे तिसरे मंदिर आणि मग प्रभूचे पुनरागमन. तक्ता पाठवणाऱ्यांच्या श्रद्धेविषयी मला आदर आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की या वचनांतल्या ‘अभिषिक्ता’त मशीहा, म्हणजे देवाने पाठवलेला तारणारा, पाहणे ही एक गोष्ट आणि त्यांतून तारीख काढणे ही दुसरी. पहिलीला दोन हजार वर्षांहून जुना आधार आहे, दुसरीला मात्र खुद्द वचनांचाच आधार पुरत नाही.

आधी प्रसंग पाहू. बाबेलात बंदिवासात असलेला दानीएल यिर्मयाचा ग्रंथ वाचतो आहे. यरुशलेम सत्तर वर्षे ओसाड राहील असे यिर्मयाने सांगितले होते आणि ती मुदत भरत आली आहे. दानीएल गोणपाट नेसून, राखेत बसून आपल्या लोकांच्या पापांची कबुली देतो. तेव्हा गब्रीएल येऊन सांगतो की सत्तर वर्षे नव्हेत, सत्तर सप्तके ठरलेली आहेत. एक सप्तक सात वर्षांचे धरले तर ४९० वर्षे होतात. ही संख्या आकाशातून पडलेली नाही. लोक ऐकत नसतील तर शिक्षा सातपट करीन, असे लेवीय २६ मध्ये परमेश्वराने म्हटले आहे. सत्तराचे सातपट म्हणजेच ४९०. लेवीय २५ मधला योबेल, म्हणजे दासांच्या सुटकेचे वर्ष, पन्नासाव्या वर्षी, सात सप्तके पुरी झाल्यावर येतो, म्हणजे ४९० वर्षांत असे दहा योबेल बसतात. दानीएलाच्या वाचकाला या संख्येत आधी शिक्षा आणि सुटका दिसली असणार, दिनदर्शिका नंतर.

या ४९० वर्षांचे तीन भाग आहेत: सात सप्तके, बासष्ट सप्तके आणि एक सप्तक. आज बहुतेक विद्यापीठीय अभ्यासक त्यांची मांडणी अशी करतात. यरुशलेमेचा नाश इ.स.पू. ५८७ मध्ये झाला आणि पारसाचा राजा कोरेश याने यहुद्यांना परत जाण्याची मुभा इ.स.पू. ५३८ मध्ये दिली. मधली वर्षे बरोबर ४९, म्हणजे सात सप्तके. यशया ४५:१ मध्ये कोरेशालाच परमेश्वराचा ‘अभिषिक्त’ म्हटले आहे. काही अभ्यासक मात्र येथे मुख्य याजक येशूवा किंवा जरुब्बाबेल धरतात. पुढे, बासष्ट सप्तकांनंतर, ‘ज्याचा वध होईल’ तो दुसरा अभिषिक्त म्हणजे इ.स.पू. १७१ च्या सुमारास अंत्युखियाजवळ दाफने येथे दगाफटक्याने मारला गेलेला मुख्य याजक ओनियास तिसरा. अखेरचे सप्तक म्हणजे सिरियाचा ग्रीक राजा अंतियोख चौथा एपिफानेस याच्या छळाचा काळ. इ.स.पू. १६७ मध्ये त्याने मंदिरातील नित्याचे यज्ञ थांबवले आणि होमवेदीवर परक्या देवाची वेदी बसवली. हाच तो सत्ताविसाव्या वचनातला ‘ओसाडीचा अमंगळ पदार्थ’. इ.स.पू. १६४ मध्ये यहूदा मकाबी याने मंदिर शुद्ध केले, ज्याची आठवण हनुक्का म्हणून आजही पाळली जाते.

मधल्या बासष्ट सप्तकांचा ताळा या मांडणीत जुळत नाही, हेही सांगायला हवे. बासष्ट सप्तके म्हणजे ४३४ वर्षे, इ.स.पू. ५३८ ते १७१ हे अंतर ३६७ वर्षांचेच भरते. ६७ वर्षे जास्त होतात. संख्या प्रतीकात्मक आहे, शिवाय पारसी काळाचा नेमका कालानुक्रम त्या वेळी कोणाजवळ नव्हता, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते आणि मला ते पटते.

द्राक्षवेल

धाग्याबद्दल आभार. मी विश्वासणाऱ्यांच्या मंडळीत वाढले आहे आणि दानीएलाचा अभ्यासवर्गही घेते, त्यामुळे दुसरी बाजू मांडणे मला माझे कर्तव्य वाटते.

आपण सव्विसावे वचन पुन्हा पाहावे. येणाऱ्या अधिपतीचे लोक नगर व पवित्रस्थान यांचा नाश करतील, असे तेथे स्पष्ट आहे. अंतियोखाने मंदिर विटाळले, लुटले, पण पाडले नाही. मंदिर जमीनदोस्त झाले ते इ.स. ७० मध्ये, तीताच्या रोमी सैन्याकडून. अभिषिक्ताचा वध आधी आणि मंदिराचा नाश नंतर, हा वचनातला क्रम मकाबी काळात बसवायचा तर ओढूनताणून बसवावा लागतो. वधस्तंभ आणि इ.स. ७० यांच्यात तो सहज बसतो.

दुसरे असे की चोविसाव्या वचनात सहा गोष्टी सांगितल्या आहेत: अपराधाचा शेवट, पापाचा अंत, अधर्माबद्दल प्रायश्चित्त, सनातन धार्मिकतेचे आगमन, दृष्टान्तावर शिक्कामोर्तब आणि परमपवित्राचा अभिषेक. इ.स.पू. १६४ मध्ये यांतले काय काय घडले? फार तर शेवटचे, तेही मंदिरापुरते. आणि प्रभू येशूने स्वतः, अंतियोखानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी, ‘ओसाडीचा अमंगळ पदार्थ’ पुढे घडायची गोष्ट म्हणून सांगितला आहे (मार्क १३:१४, मत्तय २४:१५). ज्याचा समय येऊन गेला होता त्याविषयी ‘वाचकाने हे ध्यानात घ्यावे’ असे शुभवर्तमानकार का लिहील?

त्रैराशिक

श्रद्धेच्या प्रश्नात मी पडत नाही, परंतु आकड्यांविषयी बोलण्यासारखे आहे. अशा तक्त्यांत ‘१,७३,८८० दिवस’ हा आकडा हमखास असतो. तो सर रॉबर्ट अँडरसन यांचा आहे. हे गृहस्थ एकोणिसाव्या शतकात लंडनच्या स्कॉटलंड यार्डमध्ये वरिष्ठ अधिकारी होते आणि बायबलचे निष्ठावंत अभ्यासकही होते.

त्यांची रीत अशी. सात अधिक बासष्ट, म्हणजे ६९ सप्तके, ४८३ वर्षे. वर्ष ३६० दिवसांचे धरायचे, कारण प्रकटीकरणाच्या अकराव्या अध्यायात ४२ महिने आणि १२६० दिवस एकाच मुदतीसाठी येतात. ४८३ गुणिले ३६० म्हणजे १,७३,८८० दिवस. आरंभ नहेम्याच्या दुसऱ्या अध्यायातील, यरुशलेम पुन्हा बांधू देणाऱ्या पारसी राजा अर्तहशश्ताच्या आज्ञेपासून, जिची तारीख त्यांनी १४ मार्च इ.स.पू. ४४५ धरली. शेवट ६ एप्रिल इ.स. ३२, येशू गाढवावर बसून यरुशलेमेत शिरला तो दिवस.

आता ताळा करून पाहू. इ.स.पू. ४४५ ते इ.स. ३२ ही ४७६ वर्षे झाली, कारण इ.स. शून्य असे वर्षच नाही. ४७६ गुणिले ३६५ म्हणजे १,७३,७४०. त्यात १४ मार्च ते ६ एप्रिल हे, दोन्ही टोके धरून, २४ दिवस. उरले लीप वर्षांचे दिवस. दर चार वर्षांनी एक या हिशेबाने ते ११९ होतात. अँडरसन यांनी शतकांच्या नियमाने तीन वजा करून ११६ घेतले आणि बेरीज बरोबर १,७३,८८० आली. मेख येथेच आहे. शतकवर्षे गाळण्याचा हा नियम १५८२ च्या ग्रेगोरियन सुधारणेतला आहे, आणि त्यांनी दिलेल्या दोन्ही तारखा मात्र त्यापूर्वीच्या, जूलियन पद्धतीच्या आहेत. जूलियन पद्धतीत ११९ दिवसच धरावे लागतात आणि बेरीज १,७३,८८३ होते. तीन दिवसांचा फरक एरवी किरकोळ ठरला असता. पण ज्या दाव्याचे सारे बळ ‘दिवसही चुकत नाही’ यातच आहे, त्याला तो सोसत नाही.

शिवाय यहुद्यांचे वर्ष ३६० दिवसांचे नव्हते. ते आपल्या पंचांगाप्रमाणेच चांद्र महिन्यांचे, सुमारे ३५४ दिवसांचे असून अधिक महिना घालून सूर्याशी जुळवून घेतले जाई. ४८३ वर्षांत अधिक महिना एकदाही न घालता मोजणी झाली असे मानले, तर वसंतातला वल्हांडण सण फिरत फिरत सगळ्या ऋतूंतून जाईल.

अष्टागर

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी, घरातला, मूळ अलिबागकडचा. आमच्या परंपरेत हा उतारा कसा वाचला जातो ते थोडक्यात सांगतो, कारण अशा चर्चांत यहुदी वाचकच नेमका गैरहजर असतो.

‘सेदेर ओलाम रब्बा’ या जुन्या कालगणनेच्या ग्रंथात ४९० वर्षांची फोड बंदिवासाची ७० आणि दुसऱ्या मंदिराची ४२० अशी केली आहे. म्हणजे सत्तर सप्तके मंदिराच्या दुसऱ्या नाशापाशी, इ.स. ७० च्या सुमारास संपतात. इतिहासकारांच्या हिशेबाने दुसरे मंदिर इ.स.पू. ५१६ पासून इ.स. ७० पर्यंत, म्हणजे ५८५ वर्षे उभे होते. हे अंतर मुख्यतः पारसी राजांचा काळ फार आखूड धरल्यामुळे पडते. अकराव्या शतकातील भाष्यकार राशी पहिला अभिषिक्त कोरेश मानतो आणि वध होणारा अभिषिक्त म्हणजे मंदिर पडले त्या वेळचा यहुदी राजा अग्रिप्पा, असे म्हणतो. द्राक्षवेल यांचा सव्विसाव्या वचनाविषयीचा मुद्दा राशीलाही दिसला होता. त्याचे उत्तर फक्त वेगळे आहे. आमच्याकडे या वचनांतला अभिषिक्त म्हणजे शेवटी येणारा मशीहा नव्हेच.

मशीहा येणार, यावर मात्र आमचा पुरा विश्वास आहे. मध्ययुगीन यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिदेसने सांगितलेल्या तेरा तत्त्वांपैकी ते एक आहे. पण त्याची वेळ मोजण्याविषयी तल्मूद या आमच्या धर्मग्रंथाची (सन्हेद्रिन ९७ब) भाषा फार कडक आहे. शेवटाचा हिशेब करणाऱ्यांना तेथे शाप दिला आहे, आणि कारणही सांगितले आहे: ठरवलेली वेळ आली आणि तो आला नाही, तर लोक म्हणतील की आता तो येणारच नाही. हा शाप अनुभवातून आलेला आहे. पुढे १६६५ मध्ये गाझाच्या नाथानाने शब्बताय झ्वी याला मशीहा म्हणून जाहीर केले, तेव्हा युरोपपासून येमेनपर्यंत ज्यू समाज हलून गेला, कित्येकांनी घरेदारे विकून प्रवासाची तयारी केली. सप्टेंबर १६६६ मध्ये सुलतानापुढे उभे केल्यावर त्या मशीहाने धर्मांतर केले. ती जखम पुढच्या पिढ्यांपर्यंत भरली नाही.

आमच्या कोकणातल्या लोकांची शेवटाविषयीची आस दानीएलापेक्षा मलाखीशी बांधलेली आहे. परमेश्वराचा महान व भयंकर दिवस येण्यापूर्वी मी एलीया संदेष्ट्याला पाठवीन, असे त्या ग्रंथाच्या शेवटी वचन आहे. अलिबागजवळ खंडाळे येथे एक शिळा आहे. एलियाहू हन्नबीचा, म्हणजे याच एलीयाचा, अग्निरथ येथून स्वर्गाकडे गेला, असे आमचे लोक मानतात, आणि शिळेवरच्या खुणा रथाच्या चाकांच्या व घोड्यांच्या टापांच्या म्हणून दाखवतात. लग्नकार्य असो, नवे घर असो की नवस फेडायचा असो, आमच्याकडे मलिदा होतो. गोड केलेले पोहे, वर ओल्या नारळाचा कीस, सोबत फळे, आणि एलियाहू हन्नबीचे गीत. मशीहाच्या आधी येणाऱ्याला आम्ही दर शुभकार्यात हाक मारतो, पण तो कोणत्या वर्षी येईल हे आमच्या वडीलधाऱ्यांनी कधी विचारले नाही.

जुना_वाचक

@अष्टागर, असा प्रतिसाद मिळावा म्हणूनच धागा काढला होता. मनापासून आभार.

@द्राक्षवेल, आपल्या पहिल्या मुद्द्यात वजन आहे. मकाबी काळाची बाजू घेणारे ‘नाश’ याचा अर्थ विध्वंस आणि विटंबना असा घेतात, कारण अंतियोखाच्या लोकांनी यरुशलेमेला आगी लावल्या, तटबंदी पाडली. तरीही त्या वचनाचा पहिला, सरळ अर्थ आपण म्हणता तसा वाटतो, हे खरे. माझी भिस्त मुख्यतः अकराव्या अध्यायावर आहे. तेथे सिरियाचे आणि मिसराचे राजे, त्यांची लग्ने, स्वाऱ्या आणि पराभव इतके तपशीलवार येतात की इतिहासाचे पुस्तक शेजारी ठेवून वाचता येते. चाळिसाव्या वचनापासून मात्र गाडे अडते. तो राजा समुद्र आणि पवित्र पर्वत यांच्यामध्ये तळ देईल आणि तेथे त्याचा अंत होईल, असे सांगितले आहे. अंतियोख प्रत्यक्षात पारसाच्या मोहिमेवर मेला. तिसऱ्या शतकातील तत्त्वज्ञ पोर्फिरी यानेही हा ग्रंथ अंतियोखाच्याच काळचा ठरवला होता. तो ख्रिस्ती धर्माचा कडवा विरोधक, पण त्याचा युक्तिवाद आपल्याला कळतो तो संत जेरोम यांनी त्याला उत्तर देताना तो नोंदवून ठेवला म्हणून.

आता मशीहाविषयक वाचनाबद्दल. ते ख्रिस्ती लोकांनी मागाहून चिकटवले, असा आरोप कधी कधी होतो आणि तो मला अन्यायाचा वाटतो. १९५६ मध्ये मृत समुद्राकाठी कुमरानच्या अकराव्या गुहेत सापडलेल्या एका गुंडाळीच्या तुकड्यांत (११क्यू१३) मलकीसदेक हा प्राचीन याजक-राजा दहाव्या योबेलाच्या शेवटी येऊन बंदिवानांना सोडवील, असे वर्णन आहे. दहा योबेल म्हणजे तीच ४९० वर्षे. त्याच मजकुरात सुवार्ता आणणारा ‘आत्म्याचा अभिषिक्त’ येतो आणि लगेच दानीएलाचा हवाला दिलेला दिसतो. नावाची शेवटची अक्षरे फाटली आहेत, पण बहुतेक तज्ज्ञांचे वाचन तेच आहे. ही प्रत येशूच्या जन्माआधीची धरली जाते. म्हणजे मकाबी काळ उलटून गेल्यावरही यहुद्यांतलाच एक गट सत्तर सप्तकांकडे पुढच्या सुटकेचे वचन म्हणून पाहत होता. येशूचे शिष्य त्याच वाटेने गेले. नंतरच्या योसेफस या यहुदी इतिहासकारानेही दानीएलाने रोमी लोकांकडून होणाऱ्या नाशाविषयी लिहिले होते, असे म्हटले आहे.

अंतियोखाचे संकट टळले तरी चोविसाव्या वचनातली सहा आश्वासने अपुरी राहिली, आणि म्हणून लोकांनी तो ग्रंथ मिटला नाही. आपला दुसरा मुद्दा मी या अर्थाने पूर्ण मान्य करतो.

पहाट

१८४४ चा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून लिहिते. पुण्यातल्या ज्यांना सॅलिसबरी पार्क किंवा औंधचे स्पायसर कॉलेज ठाऊक आहे, त्यांनी सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट हे नाव ऐकलेले असते. त्या मंडळीची मुळे थेट दानीएलाच्या हिशेबात आहेत.

विल्यम मिलर हा न्यूयॉर्क राज्यातला शेतकरी. ‘२३०० संध्याकाळ-सकाळ झाल्यावर पवित्रस्थान शुद्ध होईल’ या दानीएल ८:१४ मधल्या वचनात त्याने दिवसाला एक वर्ष धरले आणि आरंभ इ.स.पू. ४५७ मधील अर्तहशश्ताच्या, एज्राला दिलेल्या आज्ञेपासून केला. उत्तर १८४३-४४ च्या आसपास आले. त्याच्या अनुयायांनी शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस नक्की केला. काहींनी शेतातले पीक कापलेच नाही. रात्र सरली, दिवस उजाडला आणि काही घडले नाही. त्यांच्या इतिहासात या दिवसाला ‘मोठी निराशा’ असेच नाव आहे.

पुष्कळ जण सोडून गेले. उरलेल्यांतल्या काहींनी तारीख बरोबर पण घटना वेगळी, असा अर्थ लावला: ख्रिस्ताने त्या दिवशी स्वर्गातील पवित्रस्थानात सेवेचा शेवटचा भाग सुरू केला. याच गटातून १८६३ मध्ये ती मंडळी रीतसर उभी राहिली. नवी तारीख द्यायची नाही, हे त्यांनी तेव्हापासून पाळले आहे. त्यांच्या मांडणीत सत्तर सप्तके इ.स.पू. ४५७ पासून सलग चालतात: इ.स. २७ मध्ये येशूचा बाप्तिस्मा, सप्तकाच्या मध्यावर ३१ मध्ये वधस्तंभ, ३४ मध्ये शेवट. मध्ये खंड नाही आणि पुढे राखून ठेवलेली सात वर्षेही नाहीत.

नवशिकी

मग व्हॉट्सॲपवरच्या तक्त्यात ६९ सप्तके येशूपाशी संपतात आणि सत्तरावे एकदम आपल्या काळानंतर येते, हे कुठून आले?

जुना_वाचक

@नवशिकी, आजच्या रूपात ते एकोणिसाव्या शतकातील जॉन नेल्सन डार्बी यांच्याकडून आले. मशीहाला नाकारल्यावर इस्राएलाचे घड्याळ ६९ व्या सप्तकावर थांबले, मधला काळ मंडळीचा, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांचा, आणि मंडळी मेघारूढ होऊन घेतली गेली की ते पुन्हा सुरू होईल, असे त्यांचे मत. १९०९ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढलेल्या स्कोफील्ड यांच्या टीपांसह बायबलमुळे ते सर्वदूर पोहोचले. वचनाच्या खालीच टीप छापलेली असल्यामुळे वाचकाला मूळ कुठे संपते आणि टीप कुठे सुरू होते, याचे भान राहणे अवघड झाले.

द्राक्षवेल

@जुना_वाचक, यात एक भर घालणे आवश्यक आहे. शेवटचे सप्तक वेगळे काढून युगाच्या अंताशी ठेवणे ही डार्बींची निर्मिती नव्हे. तिसऱ्या शतकाच्या आरंभी हिप्पोलितस यांनी दानीएलावर भाष्य लिहिले. ख्रिस्ती परंपरेतले ते आपल्या हाती असलेले सर्वांत जुने सलग भाष्य. त्यातही अखेरचे सप्तक शेवटासाठी राखलेले आहे. त्याच्या पहिल्या अर्ध्या भागात हनोख आणि एलीया साक्ष देतील, असे ते सांगतात. त्यामुळे तो विचार आधुनिक म्हणून बाजूला सारू नये.

पण आपल्या मूळ मुद्द्याविषयी, म्हणजे तारखेविषयी, मला त्याच भाष्यातले दोन प्रसंग आमच्या अभ्यासवर्गात नेहमी सांगावेसे वाटतात. सिरियातील एका मंडळीचा पुढारी ख्रिस्ताला भेटायचे म्हणून बंधुजनांना बायकामुलांसह अरण्यात घेऊन गेला. ते डोंगरात भटकत राहिले आणि तेथील अधिकाऱ्याने त्यांना दरोडेखोर समजून जवळजवळ मारलेच होते. त्याची बायको विश्वासणारी होती, तिने रदबदली केली म्हणून ते वाचले. दुसरा प्रसंग पंत (पाँटस) प्रांतातला. तेथील पुढाऱ्याला स्वप्ने पडत. वर्षाच्या आत न्याय होणार, असे त्याने सांगितल्यावर लोक रडत, प्रार्थना करत राहिले, शेते पडीक पडली, बहुतेकांनी मालमत्ता विकली. वर्ष सरले. ज्या मुली थांबून राहिल्या होत्या त्यांनी लग्ने केली, पुरुष पुन्हा नांगराला लागले, आणि ज्यांनी सर्व विकले होते त्यांच्यावर भीक मागायची पाळी आली.

हिप्पोलितस यांचा पुनरागमनावरचा विश्वास माझ्यापेक्षा तसूभरही कमी नव्हता. तरी त्यांनी हे प्रसंग नावानिशी नव्हे, पण स्पष्ट शब्दांत लिहून ठेवले, कारण त्या पुढाऱ्यांनी वचनाऐवजी स्वतःच्या स्वप्नांवर भिस्त ठेवली होती. ‘त्या दिवसाविषयी पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही, पुत्रालाही नाही’ हे मार्क १३:३२ मधले वचन मला तक्त्यापेक्षा वरचे आहे. सत्तरावे सप्तक यायचे आहे, असे मी मानते. ते कोणत्या सालात, हे सांगणारा तक्ता मी पुढे पाठवत नाही.

त्रैराशिक

एक शेवटची शंका. दानीएलाच्या अगदी अखेरीस (१२:११-१२) यज्ञ बंद झाल्यापासून १२९० दिवस सांगितले आहेत, आणि लगेच पुढच्या वचनात १३३५ दिवसांपर्यंत धीर धरणारा धन्य म्हटला आहे. मधल्या ४५ दिवसांचे काय?

जुना_वाचक

@त्रैराशिक, अनेक अभ्यासकांच्या मते पहिली मुदत उलटून गेली तरी पूर्ण सुटका दिसली नाही, म्हणून कोणी तरी पुढची मुदत लिहिली, आणि ग्रंथ जपणाऱ्यांनी आधीची न खोडता दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. डार्बींच्या परंपरेतील भाष्यकार ते ४५ दिवस पुनरागमनानंतरच्या न्यायनिवाड्याचे धरतात. मला पहिले मत ग्राह्य वाटते, कारण दुसरी मुदत आज्ञा म्हणून येत नाही, वाट पाहणाऱ्याला दिलेला आशीर्वाद म्हणून येते. द्राक्षवेल यांचा अभ्यासवर्ग बाराव्या अध्यायापर्यंत पोहोचला की तेथे काय चर्चा झाली, ते याच धाग्यावर वाचायला आवडेल.